जुनी केबिन क्रूझर घेताय? आधी मागून बघा

एप्रिल उजाडला की शिकागोतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोटीची एखादी तरी जाहिरात येऊन पडते. सव्वीस फुटी केबिन क्रूझर, 2003 चं मॉडेल, आत चौघांना झोपायची सोय, छोटा ओटा, टॉयलेट, इंजिनाचे तास फक्त 310. आणि किंमत एवढी कमी की तेवढ्यात नवी कॅम्रीसुद्धा येणार नाही. खाली लगेच प्रश्न सुरू होतात. एवढी स्वस्त कशी? काही लोचा आहे का? इंजिन ठीक असेल ना?

स्वस्ताईचं एक कारण साधं आहे. करोनाच्या दिवसांत अमेरिकेत लोकांनी बोटींवर उड्या टाकल्या. मरिनाची (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्याची), स्टोरेजची आणि मेकॅनिकची बिलं येऊ लागली तसा त्यातल्या बऱ्याच जणांचा उत्साह ओसरला. दुसरं कारण बोटीच्या मागच्या बाजूला लटकलेलं असतं. या आकाराच्या बहुतेक जुन्या क्रूझरना स्टर्नड्राइव्ह असते, आणि तिची निगा राखली नसेल तर दुरुस्तीचा आकडा बोटीच्या किमतीशी स्पर्धा करतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. घेणारा मात्र केबिनमध्ये शिरून गाद्या दाबून बघण्यात आणि फ्रिज चालतो का हे तपासण्यात रमलेला असतो.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे नक्की काय

आउटबोर्डमध्ये अख्खं इंजिन बोटीच्या बाहेर, मागच्या भिंतीला टांगलेलं असतं. इनबोर्डमध्ये इंजिन आत असतं आणि एक लांब दांडा तळातून तिरका बाहेर पडून पंखा फिरवतो. स्टर्नड्राइव्ह ही या दोघांमधली तडजोड. इंजिन आतच, पण अगदी मागच्या भिंतीला टेकून. त्या भिंतीला मोठं भोक पाडलेलं, आणि भोकाबाहेर अॅल्युमिनियमचा एक पाय पाण्यात सोडलेला. भिंतीला ट्रान्सम म्हणतात आणि बाहेरच्या पायाला ड्राइव्ह. पुढे हे दोन शब्द सारखे येणार आहेत.

इंजिनाची ताकद आधी आडवी मागे येते, ड्राइव्हच्या वरच्या भागात काटकोनात वळून खाली उतरते आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. शिवाय हा पाय एका जागी स्थिर नसतो. स्टिअरिंग फिरवलं की तो डावी-उजवीकडे वळतो, बटण दाबलं की हायड्रॉलिक पंपाच्या जोरावर वर-खाली होतो. बोटीला वेगळं सुकाणू नसतंच, तेही काम या पायाकडेच. म्हणजे पाण्याच्या पातळीखाली असलेल्या एका सांध्याने वळायचं, उचलायचं, तीनशे हॉर्सपॉवर पलीकडे पोचवायची आणि तरी पाण्याचा थेंब आत येऊ द्यायचा नाही. स्टर्नड्राइव्हची सगळी दुखणी या एका मागणीतून निघतात.

व्होल्वो पेंटाने 1959 साली न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये अॅक्वामॅटिक या नावाने ही रचना लोकांपुढे आणली. त्यामागे जिम विन हा अमेरिकन इंजिनिअर होता. मर्क्युरीची मर्क्रूझर 1961 मध्ये आली. कल्पना मुळात कोणाची यावरून पुढे बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, पण तो वेगळा विषय. जुन्या बोटींच्या बाजारात आजही याच दोन नावांचं राज्य आहे.

तास नंतर विचारा, पाणी आधी विचारा

जुन्या गाडीचे मैल बघायची आपल्याला सवय. बोटीला मैलांऐवजी तास असतात, म्हणून आपण तास बघतो आणि तिथेच फसतो.

शिकागोचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. वीस वर्षांत 310 तास म्हणजे वर्षाला पंधरा. ही बोट जपून वापरलेली नाही, नुसती उभी राहिलेली आहे. रबर, सील आणि गॅस्केट यांना तासांशी देणंघेणं नसतं, ती वयाने कडक होतात. उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती गंजतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. दरवर्षीच्या कामाच्या पावत्यांची फाइल असलेली 900 तासांची बोट मी पावत्या नसलेल्या 300 तासांच्या बोटीआधी बघायला जाईन.

तासांपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे बोट कुठल्या पाण्यात वाढली. मिशिगन सरोवराचं पाणी गोडं. फ्लोरिडातून ट्रेलरवर घालून आणलेल्या बोटीचं आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलेलं असू शकतं, आणि कातडीवरून ते कळत नाही. बोट धुऊन, पॉलिश करून उभी केली की सगळ्या सारख्याच चकाकतात. इंजिनरूमचं झाकण उचला आणि टॉर्च घेऊन इंजिनाच्या पायांचे बोल्ट बघा, पाइपांचे क्लॅम्प बघा. पांढरी खरखरीत पापुद्र्यांची साय, रंगाखाली फुगलेले फोड, डोकं झिजून गोल झालेले बोल्ट ही खाऱ्या पाण्याची सही असते. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, आधी कोणत्या राज्यातला होता, तेही विचारून घ्या.

याचा इंजिन थंड ठेवण्याच्या पद्धतीशी थेट संबंध आहे. काही बोटी बाहेरचं पाणी ओढतात, इंजिनाच्या पोटातून फिरवतात आणि एग्झॉस्टमधून बाहेर टाकतात. दुसऱ्या प्रकारात गाडीसारखं कूलंट आतल्या आत फिरतं आणि बाहेरचं पाणी फक्त त्या कूलंटला थंड करतं. याला क्लोज्ड कूलिंग म्हणतात. गोड्या पाण्यात पहिली पद्धत वर्षानुवर्षं चालते. खाऱ्या पाण्यात तीच पद्धत इंजिन आतून पोखरते. जाहिरातीत "क्लोज्ड कूलिंग" लिहिलेलं असलं तरी एक खुलासा करून घ्या. काही बोटींत ते फक्त इंजिनाच्या ब्लॉकला असतं, एग्झॉस्टला बाहेरचंच पाणी जातं.

एग्झॉस्टमधून पाणी उलटं येतं ते कसं

इंजिनाच्या दोन्ही अंगांना ओतीव लोखंडाचे जाड पाइप असतात, ते मॅनिफोल्ड. त्यांच्यावर उंच वळणाचा एकेक तुकडा बसतो, तो रायझर. दोन्हींच्या भिंती दुहेरी असतात, आतून जळका वायू आणि बाहेरच्या कप्प्यातून पाणी. पाणी नसतं तर बंद इंजिनरूममध्ये हे लोखंड लालबुंद झालं असतं.

आतली भिंत गंजून पातळ झाली, किंवा मॅनिफोल्ड आणि रायझर यांच्यातली गॅस्केट गेली, की बोट बंद करून तुम्ही घरी गेल्यावर पाणी ठिबकत ठिबकत सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन गेलं. हे टाळायला जो भाग बदलावा लागतो तो खाऱ्या पाण्यात, बाहेरच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर, तीन ते पाच वर्षांत बदलण्याजोगा होतो. गोड्या पाण्यात तोच वीस वर्षंही टिकलेला दिसतो.

म्हणून विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारा: "मॅनिफोल्ड आणि रायझर शेवटचे कधी बदलले? पावती आहे का?" उत्तरात "माझ्या आधीच्या मालकाने बदलले असं ऐकलंय" असं आलं, तर ते बदललेले नाहीत असं धरून हिशोब करा.

एका रबरी नळीवर तरंगणारी बोट

ट्रान्समच्या भोकातून इंजिनाचा दांडा ड्राइव्हपर्यंत जातो तिथे युनिव्हर्सल जॉइंट असतो. त्याच्याभोवती घड्या-घड्यांची रबरी नळी असते, ती बेलोज. वळताना-उचलताना ती ताणते, आकसते, आणि तिच्या आतली जागा कोरडी राहते. बोटीचं पोट आणि सरोवर यांच्यात तेवढं एक रबर.

ते फाटलं की पाणी आधी गिंबल बेअरिंगमध्ये शिरतं. दांडा ट्रान्समच्या तोंडाशी ज्याच्यावर फिरतो ते हे बेअरिंग. मग पाणी बोटीत येतं. बिल्जमधला, म्हणजे तळातला पंप ते उपसत राहतो आणि मालकाला काही कळत नाही. एखाद्या आठवड्यात बॅटरी उतरते, पंप थांबतो, आणि धक्क्याला बांधलेली बोट शांतपणे मागून बुडते. इथल्या सरोवरांत मस्करॅट नावाचे पाणउंदीरही हे रबर कुरतडतात. हसू नका, विमा कंपन्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे.

बोट ट्रेलरवर किंवा यार्डात उभी असेल तर ड्राइव्ह पूर्ण वर उचलायला सांगा, मग पूर्ण डावीकडे वळवायला, मग उजवीकडे. घड्या उघडतात तेव्हा त्यांच्या खोबणीत हाताचं बोट फिरवा. नुसतं बघून पुरत नाही. भेगा शिखरावर नसतात, घडीच्या तळाशी असतात, आणि ड्राइव्ह सरळ असताना त्या मिटलेल्या असतात. रबर मऊ लागलं पाहिजे. नखाने दाबल्यावर करकर वाजलं किंवा काळी भुकटी बोटाला लागली तर ते संपलंय.

बेलोज दोन-तीन वर्षांनी बदलावा हा सावध सल्ला, आणि मला तो पटतो. बदलायला ड्राइव्ह उतरवावी लागते, म्हणून लोक पुढे ढकलतात. पण ड्राइव्ह वर्षातून एकदा उतरवायलाच हवी. तेव्हाच दांड्याच्या दात्यांना ग्रीस लागतं, बेअरिंग हाताने फिरवून खरखर कळते, आणि इंजिन व ड्राइव्ह एका रेषेत आहेत का हे लांब सळई घालून बघता येतं. सळई अडकली आणि तरी कोणी ड्राइव्ह ठोकून बसवली, तर इंजिनाच्या मागचं कपलर दात गमावतं. मग ते बदलायला इंजिनच बाहेर काढावं लागतं.

बोट पाण्यात बांधून ठेवताना ड्राइव्ह खालीच ठेवा. खाऱ्या पाण्यातले बरेच जण शेवाळ टाळायला ती वर करून ठेवतात. रबर महिनोन्महिने ताणलेल्या अवस्थेत राहतं आणि तसंच कडक होतं.

ड्राइव्हचं तेल काढा, गुपित बाहेर येईल

एकच तपासणी करायची मुभा मिळाली तर मी ही मागेन.

ड्राइव्हच्या खालच्या टोकाला, पंख्याजवळ, एक स्क्रू असतो (मर्क्रूझरच्या ब्राव्हो थ्री या दोन पंख्यांच्या ड्राइव्हमध्ये काही वेळा त्यासाठी पंखे उतरवावे लागतात). बोट किमान एक रात्र स्थिर उभी असावी. खाली पांढरं भांडं धरून मेकॅनिकला तो स्क्रू अगदी हळू सैल करायला सांगा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत पाणी असेल तर रात्रभरात ते तळाशी बसतं आणि सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. चमचाभर स्वच्छ पाण्याची धार, मागोमाग दाट तेल. ते दिसलं की सील गेलेलं आहे. बोट नुकतीच चालवलेली असेल तर पाणी तेलात घुसळून तेल दुधाळ करड्या रंगाचं येतं. चांगल्या ड्राइव्हचं तेल येतं ते पारदर्शक, निळसर किंवा तपकिरी. रंग कंपनीनुसार वेगळा.

मग त्या स्क्रूचं टोक बघा. अनेक ड्राइव्हना तिथे चुंबक असतो. बारीक मऊ लोखंडी चिखल चालेल, तो गिअरच्या नेहमीच्या झिजेचा. नखाला टोचणारे कण किंवा चकचकीत तुकडे असतील तर आतला गिअर किंवा बेअरिंग मोडायच्या वाटेवर आहे.

विक्रेता म्हणतो, "तेल आत्ताच नवीन भरलंय, कशाला काढता?" बरोबर, आणि म्हणूनच काढायचं. मेकॅनिककडून ड्राइव्हची हवेच्या दाबाची चाचणी करून घ्या, दाब टिकला नाही तर नवीन तेलाला काही अर्थ नाही.

कोणतं इंजिन, कोणती ड्राइव्ह

इंजिनाबद्दल फार घाबरायचं कारण नाही. मर्क्रूझर असो वा व्होल्वो, त्या काळातल्या अमेरिकन पेट्रोल क्रूझरमध्ये बहुतेक वेळा जनरल मोटर्सचाच ब्लॉक असतो. 5.7 लिटरचा व्ही-एट म्हणजे शेवरोलेचा जुना साडेतीनशे क्युबिक इंचांचा ब्लॉक, लाखो ट्रकमध्ये बसलेला. सुटे भाग मिळतात, मेकॅनिक मिळतात. 4.3 लिटरचा व्ही-सिक्स म्हणजे त्याच घराण्यातले दोन सिलिंडर कमी, पण सव्वीस फुटी केबिन बोटीला तो अपुरा पडतो. सतत फुल थ्रॉटलवर पळणारं छोटं इंजिन मोठ्या इंजिनापेक्षा लवकर थकतं. जमलं तर कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनचं घ्या, थंडीत सुरू करताना फरक जाणवतो. मर्क्युरीने 2014 मध्ये स्वतःचं 4.5 लिटरचं आणि 2015 मध्ये 6.2 लिटरचं इंजिन आणलं. ती चांगली आहेत, पण त्या बोटींची किंमत आपल्या जाहिरातीतली नसते.

ड्राइव्हच्या निवडीत मात्र डोकं लावायला हवं. मर्क्रूझरची अल्फा वन साधी, स्वस्त आणि सुटसुटीत, पण ती साधारण तीनशे हॉर्सपॉवरच्या आतल्या इंजिनांसाठी आणि हलक्या बोटींसाठी. तिचा पाण्याचा पंप ड्राइव्हच्या आतच असतो, म्हणजे इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलायला ड्राइव्ह खोलावी लागते. ब्राव्हो मालिका दणकट, तिचा पंप इंजिनावर असतो. ब्राव्हो टू मोठ्या एका पंख्याची, जड आणि संथ बोटींसाठी. ब्राव्हो थ्रीला एकामागोमाग उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे असतात. व्होल्वोने ही कल्पना 1982 मध्ये ड्युओप्रॉप म्हणून आणली होती. दोन पंख्यांमुळे बोट सरळ धरते आणि धक्क्याला लावताना मागे घेतली तर एका बाजूला ओढली जात नाही. नवशिक्याला हा फायदा फार मोठा. जड केबिन क्रूझरला मी दोन पंख्यांचीच ड्राइव्ह सुचवेन.

खोट अशी की स्टेनलेस स्टीलचे मोठे पंखे आणि अॅल्युमिनियमचा पाय खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. ब्राव्हो थ्री या बाबतीत बदनाम आहे. तळाच्या रंगाखाली फोड दिसले तर नखाने टोकरून बघा, खाली पांढरी भुकटी निघाली तर पुढे जाऊ नका. ड्राइव्ह नवीन घ्यायची तर आकडा डॉलरमध्ये पाच अंकांच्या घरात जातो.

ओएमसी या कंपनीच्या कोब्रा ड्राइव्हची बोट कितीही स्वस्त असली तरी सोडा. कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. हौसेने जुनी यंत्रं जपणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

"दोन इंजिनं असतील तर जास्त सुरक्षित ना?"

काही प्रमाणात. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. पण पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर बहुधा दोन्ही एकदम बंद पडतात, आणि बेलोज, इम्पेलर, रायझर, तेल सगळं दुप्पट. इंजिनरूम इतकी दाटीची होते की दोन्ही इंजिनांच्या बाहेरच्या अंगाला हात पोचत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथलं काम होत नाही. सव्वीस-सत्तावीस फुटांपर्यंत एकच मोठं इंजिन, नीट राखलेलं, हे माझं मत. तीस फुटांच्या पुढच्या बोटीला दोन शोभतात.

डिझेलबद्दलही विचारतात. युरोपात जुन्या क्रूझरमध्ये व्होल्वोची डिझेल स्टर्नड्राइव्ह सर्रास दिसते. इंग्लंड-नेदरलँड्समधल्या वाचकांसमोर बहुधा तोच पर्याय असेल. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी भडकत नाही, हा मोठा दिलासा. अमेरिकेत या आकारात डिझेल कमी, महाग, आणि हाताळणारा मेकॅनिक शोधावा लागतो.

"इंजिन शेवरोलेचं, मग पार्ट गाडीच्या दुकानातून आणू?"

अजिबात नाही, आणि इथे कंजुषी जीवावर बेतू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खालून निघून जाते. बोटीचं पोट मात्र बंद असतं, वाफ तळाशी साचते. गाडीच्या स्टार्टरमध्ये, अल्टरनेटरमध्ये, डिस्ट्रिब्युटरमध्ये ठिणग्या उघड्यावर उडतात. बोटीसाठी बनवलेल्या भागांत त्या बंदिस्त असतात. दिसायला दोन्ही जुळे, किंमत निम्मी, म्हणून आधीच्या मालकांनी गाडीचे भाग बसवलेले सापडतात. मेकॅनिकला खास या तीन भागांवरचे शिक्के वाचायला सांगा. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटं चालवा आणि एकदा झाकण उचलून स्वतःच्या नाकाने वास घ्या.

पेट्रोलचंही तसंच. अमेरिकेत पंपावर 15 टक्के इथेनॉलचं पेट्रोल स्वस्त मिळतं. ते बोटीत भरायला परवानगी नाही, पंपावरच्या स्टिकरवर तसं लिहिलेलं असतं. बोटींची इंजिनं 10 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या टाकीत ते पाणी इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. मुंबई-अलिबाग किंवा गोव्यात अशी जुनी बोट घ्यायचा विचार असेल, तर भारतात पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि भोवती सगळं खारं पाणी आहे. पेट्रोल स्टर्नड्राइव्हला इतकी प्रतिकूल जागा क्वचित असेल. तिथे आउटबोर्ड किंवा डिझेल बघा.

जस्ताचा तुकडा

ड्राइव्हवर पांढरट धातूचे तुकडे बसवलेले असतात, ते अॅनोड. पाण्यात वेगवेगळे धातू जवळ आले की बारीक वीज वाहते आणि सगळ्यात दुबळा धातू झिजतो. अॅनोड मुद्दाम दुबळ्या धातूचा, ड्राइव्हऐवजी आपण झिजणारा. दुकानाच्या दारावरची लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतात ना, त्याच तत्त्वाने. फरक एवढाच की हा इलाज खरंच चालतो, आणि वाळलेला तसाच टांगून ठेवला तर उपयोग शून्य.

धातू पाण्याप्रमाणे निवडायचा. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. फ्लोरिडाहून आलेल्या बोटीवर जस्त तसंच राहिलं तर गोड्या पाण्यात त्याच्यावर थर चढतो आणि ते काम थांबवतं. गंमत अशी की ते न झिजता नव्यासारखं दिसतं आणि मालक खूश असतो. अर्धा झिजलेला अॅनोड बदला, त्याच्यावर रंग कधी लावू नका, आणि ड्राइव्हला तांबं घातलेला रंग तर मुळीच नको. मरिनात किनाऱ्यावरची वीज जोडत असाल तर अर्थिंगच्या तारेतून तुमची ड्राइव्ह शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि तुमचा अॅनोड त्यांच्यासाठी झिजू लागतो. ते तोडायला गॅल्व्हानिक आयसोलेटर नावाचं छोटं उपकरण मिळतं. शेजाऱ्याचं काम फुकट करायची गरज नाही.

शिकागोची थंडी आणि फुटलेला ब्लॉक

पाणी गोठताना फुगतं आणि ओतीव लोखंड फोडतं. म्हणून हिवाळ्याआधी ब्लॉक, मॅनिफोल्ड आणि पंपातलं पाणी काढायचं, मग गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं. खरी गोम अशी की प्लग काढल्यावर गाळाने भोक तुंबलेलं असतं, पाणी येत नाही आणि माणसाला वाटतं रिकामं आहे. तार घालून भोक मोकळं करावं लागतं. ड्राइव्ह खाली ठेवावी लागते, नाहीतर तिच्यातलं पाणी निघत नाही.

एप्रिलमध्ये घेताना गेल्या हिवाळ्याची पावती मागा. पावती नसेल तर इंजिन ऑइलची काडी ओढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत येतंय, फुटलेल्या ब्लॉकमुळे किंवा गेलेल्या गॅस्केटमुळे. कारण कोणतंही असो, ती बोट तुमची नाही.

"सर्व्हे केलाय, मग मेकॅनिक कशाला?"

विमा कंपनी जुन्या बोटीला बहुधा सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून केलेली तपासणी, मागतेच. सर्व्हेअर सॅम्स किंवा नॅम्स या सर्व्हेअरांच्या संघटनेचा सदस्य असेल तर उत्तम. पण बहुतेक सर्व्हेअर बोटीचं अंग तपासतात, इंजिन खोलत नाहीत. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र नक्की करून घ्या: ट्रान्सम. त्याच्या आत बऱ्याच जुन्या बोटींत प्लायवूड असतं. ड्राइव्हच्या भोकाभोवतीचं सील गळलं की ते आतल्या आत कुजतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकताना खणखणीत आवाज यायच्या ठिकाणी भद्द आवाज आला, की बोलणी थांबवा. ते दुरुस्त करायला इंजिन आणि ड्राइव्ह दोन्ही उतरवावी लागतात.

इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक. त्याने सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. आकडा किती यापेक्षा आठही आकडे जवळपास आहेत का हे महत्त्वाचं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत दहा-पंधरा टक्क्यांहून मोठी तफावत आली तर खोलात जायला हवं. मग पाण्यावर चाचणी. फुल थ्रॉटलला इंजिन कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत चढलं पाहिजे, 5.7 लिटरच्या बहुतेक इंजिनांना मॉडेलनुसार 4,400 ते 5,000 आरपीएम. चढत नसेल तर पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकलंय. वळताना मागून घुरघुर आली आणि सरळ झाल्यावर थांबली तर गिंबल बेअरिंग. लांबून तापमान मोजणारी छोटी गन खिशात ठेवा आणि दोन्ही रायझरवर रोखा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर तिथे पाणी कुठेतरी अडतंय.

चाचणी थंड इंजिनाने सुरू झाली पाहिजे. सुरू व्हायला किती वेळ लागतो, पहिला धूर कुठल्या रंगाचा, पहिल्या मिनिटात काय खडखडतं हे गरम इंजिन लपवतं. मरिनात पोचल्यावर झाकण उचलून ब्लॉकवर हात ठेवा. "तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवलंय" असं विक्रेता म्हणाला, तर आभार माना आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा.